आभासी वस्तू खोलीत असूनही सापडत का नाही? (मिश्र वास्तव आणि नजरेचा शोध)

क्षितिज७

कारखान्यात नव्यानं येणाऱ्या मुलांना यंत्रावरचं काम शिकवायला आम्ही हेडसेटवर (डोळ्यांसमोर चित्र दाखवणारं, डोक्यावर घालायचं उपकरण) चालणारे पाठ तयार करतो. यंत्र खरं असतं. त्याच्यावर आणि आजूबाजूला आभासी झडपा, पाने (स्पॅनर), बाण, सूचनांचे फलक असतात. पॉल मिलग्रम आणि फुमिओ किशिनो यांनी १९९४ च्या लेखात पूर्ण खऱ्या जगापासून पूर्ण आभासी जगापर्यंत एक सलग पट्टी मांडली होती. तिच्या दोन टोकांमधलं सगळं म्हणजे मिश्र वास्तव. आमचे पाठ त्यातल्या खऱ्या टोकाच्या बरेच जवळ येतात.

या कामात मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न शोधण्याचा आहे. मुलाला सूचना येते, 'पिवळी झडप शोधा आणि हात लावा.' झडप त्याच्या उजव्या खांद्यामागे, छातीच्या उंचीला असते. तो आधी समोर बघतो. मग मान न हलवता नुसते डोळे डावी-उजवीकडे फिरवतो. काही नाही म्हटल्यावर मान थोडी वळवतो आणि परत समोर येतो. छताकडे किंवा पायाशी बघणारा विरळाच. थोड्या वेळानं काच वर करून म्हणतो, 'सर, सुरूच झालं नाही.' हाच मुलगा टूल-ट्रॉलीतून १३ नंबरचा पाना बोलता बोलता उचलतो.

मला लागलेलं उत्तर असं. आपल्याला दोन्ही डोळ्यांनी मिळून आडवं साधारण २०० अंश दिसतं, पण बारकावे कळतात ते मधल्या जेमतेम २ अंशांत. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढी जागा. बाकी सगळं अंधुक. मात्र त्या अंधुक भागातही हालचाल, चमक, ढोबळ रंग आणि आकार कळतात, आणि त्यांच्याच इशाऱ्यावर नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारत पुढे जाते. मान कुठे वळवायची हेसुद्धा बऱ्याचदा या कडेच्या नजरेनं आधीच ठरवलेलं असतं.

हेडसेटमध्ये ही कडेची नजर आभासी वस्तूंपुरती बंद होते. २०१६ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या होलोलेन्सची (या हेडसेटात आरपार काचेतून खरी खोली थेट दिसते) चित्र दिसण्याची चौकट आडवी सुमारे ३० अंशांची होती. हात लांब करून वीत ताणली की साधारण २० अंश होतात, म्हणजे ही दीड वितीची चौकट. २०१९ च्या होलोलेन्स २ मध्ये कर्ण ५२ अंशांपर्यंत गेला. (त्याचं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं, पण कारखान्यांत तो अजून आहे.) क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटात आडवे ११० अंश मिळतात, कारण त्यात आरपार काच नाही. कॅमेऱ्यानं टिपलेली खोली पडद्यावर दिसते.

आता गंमत बघा. आरपार काचेच्या हेडसेटात खोली जवळजवळ पूर्ण दिसते. भिंत, खिडकी, शेजारी उभा माणूस, सगळं कडेच्या नजरेत असतं. त्यामुळे मेंदूची खात्री पटलेली असते की कडेला काही असतं तर आपल्याला कळलंच असतं. आभासी वस्तू मात्र चौकटीबाहेर पडली की पूर्ण नाहीशी होते, अंधुकही उरत नाही. 'तिकडे काही दिसत नाही' आणि 'तिकडे काही नाही' यातला फरक बघणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. तो मान वळवत नाही, कारण वळवण्याचं कारणच त्याला मिळालेलं नाही.

म्हणून 'मुलांचं लक्ष नसतं' हे वाक्य मला मान्य नाही. वस्तू शोधता येईल अशी ठेवणं हे ठेवणाऱ्याचं काम आहे. नजरेचा अभ्यास केलेल्यांनी, हेडसेट वापरणाऱ्यांनी, आणि ज्यांचं पोट शोधण्यावर चालतं अशांनी लिहावं. मला हे नीट समजून घ्यायचं आहे.

---

वैदेही_क

उत्तम विषय. मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून प्रयोगांच्या बाजूनं लिहिते.

दृश्य शोधावरच्या आधुनिक संशोधनात अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी जेलेड यांचा १९८० चा लेख मैलाचा दगड मानतात. पडद्यावर बरीच अक्षरं किंवा आकार दाखवायचे, त्यात एक ठरावीक आकार आहे का ते विचारायचं आणि वेळ मोजायचा, असा हा प्रयोग. हिरव्यांच्या गर्दीत एकच लाल असेल तर गर्दी कितीही वाढवा, वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. तो लाल ठिपका स्वतःहून अंगावर येतो. पण 'लाल आणि उभी' रेघ शोधायची असेल आणि आजूबाजूला लाल आडव्या आणि हिरव्या उभ्या रेघा असतील, तर दर वाढत्या रेघेमागे वेळ वाढत जातो. दोन गुणांची सांगड घालायला लक्ष एकेका जागी न्यावं लागतं, असं ट्रीझमन यांचं म्हणणं होतं. पुढे १९८९ पासून जेरेमी वुल्फ यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. त्यांच्या मते अवघड शोधही आंधळा नसतो. रंग, दिशा, आकारमान यांसारखे ढोबळ गुण नजरेला वाट दाखवत राहतात आणि नजर आधी संशयित जागांवर जाते.

आता तुमची पिवळी झडप घ्या. प्रयोगशाळेत पडद्यावर अजून काय काय असावं हे प्रयोग करणारा ठरवतो. मिश्र वास्तवात ते खोली ठरवते. कारखान्यात जमिनीवरचे पट्टे पिवळे, रेलिंग पिवळं, क्रेनचा हूक पिवळा, हेल्मेटं पिवळी. तुम्ही पडद्यावर एकच पिवळी वस्तू काढली, पण शोधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पिवळ्यांची गर्दी आहे. तुमच्या फाइलमध्ये ही गर्दी कुठेच नोंदलेली नाही, म्हणून ती लक्षात येत नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त रोचक वाटतो. आभासी वस्तू थोडी चमकणारी, थोडी आरपार असते. हा 'आभासीपणा' स्वतःच शोधायला उपयोगी पडणारा गुण होऊ शकतो. शोधणारा नकळत सगळी खरी भांडी-यंत्रं बाजूला सारून फक्त चमकणाऱ्या गोष्टींत शोधू शकतो. या तर्कानं वस्तू जितकी खऱ्यासारखी कराल तितकी ती खऱ्यांच्या गर्दीत मिसळणार आणि शोध लांबणार. शिकवण्याच्या पाठात वस्तू हुबेहूब असावी की पटकन सापडावी, हे आधी ठरवून घ्या. दोन्ही एकदम मिळेलच असं नाही.

---

गणोबा

वाचतोय. पण मला एक कळलं नाही, सरळ बाण दाखवायला काय हरकत आहे? 'झडप उजवीकडे आहे' असा एक बाण टाकला की विषय संपला.

---

क्षितिज७

गणोबा, बाण लागतोच, आणि त्यावर कामही बरंच झालंय. मोबाइलच्या छोट्या पडद्याबाहेरच्या जागा दाखवायला २००३ मध्ये 'हेलो' नावाची रीत आली. पडद्याबाहेरच्या जागेभोवती एक वर्तुळ कल्पायचं आणि त्याची कड पडद्यात डोकावेल एवढं ते मोठं करायचं. कमानीच्या वाकावरून वस्तू किती लांब आहे याचा अंदाज येतो. हेडसेटसाठी फ्रँक बिओका आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'अटेंशन फनेल' मांडलं. नजरेसमोरून निघून थेट वस्तूपर्यंत जाणारी चौकटींची वळणदार रांग. चौकटींतून बघत गेलं की मान आपोआप वळत जाते.

अडचणी तीन आहेत. वस्तू बरोबर पाठीमागे असेल तर डावीकडून जावं की उजवीकडून, हे सांगताना बाण डळमळतो. मान किंचित हलली की तो बाजू बदलतो आणि माणूस गोंधळून थांबतो. दुसरं, चौकट आधीच लहान, त्यात बाण मधली मोक्याची जागा खातो. आणि तिसरी अडचण माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठी. बाणामागे गेलेल्या मुलाला झडप सापडते, पण झडप कुठे असते हे त्याच्या ध्यानात राहत नाही. बाण काढून घेतला की तो पुन्हा पहिल्या जागी. मला त्याला यंत्र शिकवायचंय, बाणामागे जायला नाही.

तरी 'काहीही दाखवू नका' असंही मी म्हणणार नाही. पहिल्या फेरीत बाण, दुसरीत फक्त चौकटीच्या कडेला मंद उजेड, तिसरीत काहीच नाही, असं आता करतोय. कडेचा उजेड मला आवडतो, कारण हेडसेटनं काढून घेतलेली कडेची नजर तो थोडीफार परत देतो. नेमकी जागा सांगत नाही, फक्त वळायला कारण देतो.

---

सांजवेळ

सिअ‍ॅटलहून. याच क्षेत्रात प्रकाशयंत्रणेवर काम करतो, म्हणून काचेच्या बाजूनं थोडं लिहितो.

आरपार काचेचा हेडसेट प्रकाश फक्त वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. खोलीतून येणाऱ्या प्रकाशात तो आपला प्रकाश मिसळतो, इतकंच. त्यामुळे काळा रंग दाखवताच येत नाही. काळा म्हणजे तिथे प्रकाशच नाही, म्हणजे पारदर्शक. संगणकाच्या पडद्यावर झोकदार दिसणारा गडद राखाडी पाना हेडसेटात भुतासारखा विरळ दिसतो. खिडकीतून ऊन येत असेल तर उरलासुरला पानाही धुऊन जातो. २०२२ च्या मॅजिक लीप २ या हेडसेटमध्ये मागचा उजेड अंधुक करण्याची सोय आली ती याचसाठी.

रंगाचंही तेच. पिवळ्या भिंतीसमोरची निळी वस्तू निळी राहत नाही, कारण भिंतीचा पिवळा प्रकाश तिच्यातून येतच असतो. 'निळी वस्तू शोधा' अशी सूचना दिली आणि ती पांढुरकी दिसत असेल, तर शोधणारा निळं शोधत राहणार आणि त्या वस्तूवरून नजर फिरवून पुढे जाणार. वैदेहीताईंनी सांगितलेली रंगाची वाटाड्यागिरी इथे उलट फसवते. वस्तूचं नाव सांगा, आकार सांगा. रंगावर सगळी भिस्त ठेवायची असेल तर तो रंग त्या जागेत, त्या उजेडात, हेडसेट घालून बघून मगच ठरवा.

सावलीबद्दलही सांगतो. खऱ्या जगात वस्तू कुठे टेकली आहे हे डोळ्याला सावलीवरून कळतं. सावली म्हणजे अंधार, आणि अंधार आपल्याला दाखवता येत नाही. युक्ती अशी की वस्तूच्या आजूबाजूची जमीन किंचित उजळायची आणि सावलीची जागा तेवढी सोडायची. तुलनेनं ती गडद वाटते. एवढ्यानंही वस्तू तरंगायची थांबते.

---

कोकणकन्या

तांत्रिक भाग पूर्ण कळला नाही, पण एक अनुभव सांगते. बाबांना एका प्रदर्शनात असा हेडसेट घालायला दिला होता. वय ६८, प्रोग्रेसिव्ह चष्मा. समोरची आभासी मूर्ती त्यांना छान दिसली. मूर्तीखाली माहितीचा फलक होता, तो मात्र शेवटपर्यंत 'कुठाय? कुठाय?' असंच चाललं होतं. तिथल्या मुलीनं दोनदा बोट दाखवलं. मग बाबांनी हनुवटी छातीला टेकेपर्यंत मान खाली घातली तेव्हा कुठे वाचता आलं. ती मुलगी म्हणाली, आजोबांना सवय नाही. मला ते पटलं नव्हतं. बाबा मोबाइल, टॅब सगळं सफाईनं वापरतात.

---

सांजवेळ

कोकणकन्या, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच होतं. सवयीचा इथे संबंध नाही.

बहुतेक आरपार हेडसेटात चित्राचा फोकस एका ठरावीक अंतरावर बसवलेला असतो. होलोलेन्समध्ये ते सुमारे २ मीटर आहे. वस्तू हाताच्या अंतरावर ठेवली तरी तिचा प्रकाश २ मीटरवरून आल्यासारखा येतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग जवळचं वाचण्यासाठी असतो, साधारण पुस्तकाच्या अंतरासाठी. बाबांनी डोळे खाली केले तेव्हा त्यांची नजर त्या खालच्या भागातून गेली आणि २ मीटरवरचा फलक पुसट झाला. हनुवटी खाली घातल्यावर नजर चष्म्याच्या वरच्या भागातून गेली आणि अक्षरं लागली. त्यांनी आपणहून योग्य उपाय शोधला होता. फलक मूर्तीच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीला ठेवला असता तर हे घडलंच नसतं.

तरुणांनाही याचा वेगळा त्रास होतो. जवळच्या आभासी वस्तूकडे बघताना दोन्ही डोळे आत वळतात, पण फोकस मात्र लांबचाच धरावा लागतो. या ओढाताणीनं डोळे थकतात, दोन प्रतिमा एक व्हायला वेळ लागतो, असं २००८ मध्ये डेव्हिड हॉफमन, मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. एका वस्तूपुरता तो वेळ जाणवत नाही. पण शोध म्हणजे एकामागून एक अनेक ठिकाणी थांबणं, तेव्हा ते साचत जातं.

---

कोकणकन्या

खूप आभार. बाबांना वाचून दाखवते आज.

---

डॉ_पारिजात

मी रेडिओलॉजिस्ट. माझं सगळं काम शोधण्याचंच, म्हणून राहवलं नाही.

आमच्यात एक प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि वर वैदेहींनी उल्लेख केलेले जेरेमी वुल्फ यांनी फुफ्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचं छोटं चित्र घातलं आणि अनुभवी रेडिओलॉजिस्टांना गाठी शोधायला सांगितलं. २४ पैकी २० जणांना गोरिला दिसला नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपल्या होत्या, त्यात दिसलं की न दिसलेल्यांपैकी अनेकांची नजर नेमकी त्या जागेवरून गेली होती. नजर पडणं आणि दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती गाठ शोधणारी नजर होती, आणि गोरिला गाठीसारखा नव्हता.

दुसरी गोष्ट क्षितिज यांच्या कामाला थेट लागू पडते. वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सामान तपासणीसारखा प्रयोग केला. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना लोक ती सुमारे ७ टक्के वेळा चुकवत. तीच वस्तू १०० चित्रांत एकदाच येऊ लागली तेव्हा चुकण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. वस्तू तीच, माणसंही तशीच. क्वचित सापडणारी गोष्ट शोधताना माणूस 'नाही' म्हणायला लवकर तयार होतो.

तुमच्या पाठांत शोधायला सांगितलेली वस्तू दर वेळी असतेच ना? मग मुलं एकच गोष्ट शिकतात: कुठेतरी आहे, सापडेपर्यंत बघायचं. प्रत्यक्ष तपासणीत भेग शंभरात एखाद्याच भागाला असते. तिथे 'नीट बघितलं, नाही' असं कधी म्हणायचं याचा निर्णय लागतो, आणि तो त्यांना कुणी शिकवलेलाच नसतो. काही फेऱ्यांत वस्तू ठेवूच नका. आम्हाला शिकताना नॉर्मल एक्स-रे ढिगानं दाखवायचे. कंटाळा यायचा, पण त्याचं मोल आता कळतं.

---

पायवाट

मी चाकण भागात सुरक्षा अधिकारी आहे. डॉक्टरांचा गोरिला वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या शॉपफ्लोअरवर गोरिलाच्या जागी फोर्कलिफ्ट असते.

मिश्र वास्तवाची चर्चा नेहमी आभासी वस्तू सापडते का याचीच होते. माझी काळजी उलट बाजूची. ती सापडत असताना खरं काय दिसायचं राहून जातं? विमानात हा प्रश्न जुना आहे. वैमानिकासमोर काचेवर वेग, उंची, दिशा दाखवणारे हेड-अप डिस्प्ले आले तेव्हा नासानं १९८० च्या सुमारास सिम्युलेटरवर प्रयोग केले. उतरताना धावपट्टीवर दुसरं विमान आडवं आणून ठेवलं. काही अनुभवी वैमानिकांना ते दिसलंच नाही. समोर काच होती, काचेपलीकडे विमान होतं, पण लक्ष काचेवरच्या आकड्यांवर होतं.

आम्ही आमच्याकडे नियम केलाय: हेडसेट घालून शोधायचं काम फक्त आखून दिलेल्या चौकोनात. चौकोनाबाहेर पाऊल पडलं की सगळ्या आभासी वस्तू मालवतात. चालताना शोध नाही. काही जणांना हे जाचक वाटतं, पण माझ्या मते इथे तडजोड नको.

---

क्षितिज७

पायवाट, हा नियम मी जसाच्या तसा उचलतो. आमच्याकडे बाहेर गेल्यावर फक्त सूचना येते, वस्तू मालवत नाहीत. बदलायला हवं. डॉक्टर, 'वस्तू नसलेल्या फेऱ्या' ही गोष्ट आमच्या एकाही पाठात नाही. मनापासून आभार.

---

मनमोर

आवाजाचा विचार कुणी केला नाही का? कान तर ३६० अंश ऐकतो. वस्तूच्या दिशेनं आवाज आला तर बाण कशाला हवा?

---

वैदेही_क

मनमोर, रास्त मुद्दा. आवाजाचा एक उपयोग तर दिशेशिवायही होतो. एरिक व्हॅन डर बर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की सतत रंग बदलणाऱ्या रेघांच्या गर्दीत शोधायच्या रेघेचा रंग बदलतो त्याच क्षणी एक छोटा 'टिंग' वाजवला, तर ती रेघ एकदम उठून दिसते. तो टिंग कुठून आला हे कळायची गरजच नाही, वेळ जुळली पाहिजे. झडप क्षणभर उजळते तेव्हाच टिंग, एवढं करून बघण्यासारखं आहे. अर्थात झडप चौकटीत असली तरच.

दिशेच्या आवाजाला मर्यादा आहे. हेडसेटमधले आवाज सरासरी कानाच्या मापानं बनवलेले असतात आणि प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी. त्यामुळे डावं-उजवं बऱ्यापैकी कळतं, पण पुढे की मागे यात गल्लत होते, वर-खालीही. आणि कारखान्यात कॉम्प्रेसर चालू असताना काय ऐकू येणार, हे पायवाट सांगतीलच.

---

पायवाट

काहीही नाही. शिवाय इअरप्लग सक्तीचे.

---

क्षितिज७

सगळ्यांचं वाचून आमच्या एका पाठाची मांडणी बदलतोय, ती सांगतो.

जुन्या मांडणीत झडप हवेत होती, कारण हवेत ठेवणं आम्हाला सोपं. पण माणूस हवेत कधीच काही शोधत नाही. अँतोनिओ तोराल्बा, ओड ओलिवा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लोकांच्या नजरा टिपल्या होत्या. कप शोधायला सांगितला तर नजर टेबलांवर आणि ओट्यांवर जाते, चित्र शोधायला सांगितलं तर भिंतीवर, माणसं शोधायला सांगितली तर रस्त्यावर. वस्तू दिसण्याआधीच तिची जागा मेंदूला ठाऊक असते. झडप पाइपावर असते. म्हणून आता ती खऱ्या पाइपावर बसवली आहे, जिथे दोन पाइप जोडले जातात त्या फ्लॅंजच्या अलीकडे, बोल्टच्या रांगेला लागून. तिचा दांडा पाइपाला आडवा, म्हणजे बंद स्थितीत. पाइप खोलीभर दिसतो, चौकटीची अट त्याला नाही. मुलगा पाइपावरून नजर सरकवत जातो, नजरेमागे मान जाते आणि झडप चौकटीत येते. खरा पाइपच बाणाचं काम करतो! आणि हे शिक्षण कारखान्यातही उपयोगी पडतं, कारण तिथेही झडप पाइप धरूनच शोधायची असते.

उंचीही बदलली. विन्सेंट सिट्झमन आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात, चहूबाजूंनी पसरलेली दृश्यं बघताना लोकांची नजर क्षितिजाच्या पट्ट्यातच जास्त राहते असं आढळलं. आमच्या मुलांचंही तेच. त्यात डोक्यावर अर्ध्या किलोहून जड हेडसेट (होलोलेन्स २ चं वजन ५६६ ग्रॅम), मग वर बघायला मान कुरकुरणारच. डोक्यावरची वस्तू दाखवायचीच असेल तर तिच्याकडे नेणारं काहीतरी डोळ्यांच्या उंचीला ठेवतोय: खाली येणारी केबल, शिडी, उभा पाइप.

अजून एक. मार्विन चुन आणि युहोंग जियांग यांनी १९९८ मध्ये दाखवलं की तीच मांडणी पुन्हा पुन्हा समोर आली तर शोध जलद होतो, मांडणी ओळखीची आहे हे माणसाला सांगता आलं नाही तरीही. आम्ही 'मुलांनी पाठ करू नये' म्हणून दर फेरीला सगळं विस्कटत होतो. आता यंत्राशी बांधलेल्या वस्तू जागच्या जागी राहतील आणि सुटी हत्यारंच तेवढी हलतील, म्हणजे कारखान्यात असतं तसंच.

---

रातराणी

खूप माहितीपूर्ण धागा. एक शंका. काही हेडसेट डोळ्यांची हालचालही टिपतात असं ऐकलंय, मग मुलगा कुठे बघतोय हे मालकालाही कळणार ना? उद्या 'तुझी नजर यंत्रावर कमी होती' म्हणून कुणाला बोलणी बसली तर?

---

क्षितिज७

शंका अगदी योग्य. होलोलेन्स २ मध्ये नजर टिपण्याची सोय आहे, क्वेस्ट ३ मध्ये नाही. अ‍ॅपलच्या व्हिजन प्रोमध्ये आहे, पण तिथे तुम्ही कुठे बघताय हे त्यावर चालणाऱ्या अ‍ॅप्सना कळत नाही. चिमटी घेऊन निवड केली की तेवढंच कळतं. आमच्याकडे नजरेची नोंद फक्त मांडणी सुधारायला वापरायची, नावाशी जोडायची नाही आणि पर्यवेक्षकाला द्यायची नाही, असं मी लेखी मागून घेतलंय. वर डॉक्टरांनी सांगितलंच आहे की नजर पडली म्हणजे दिसलं असं नाही. मग त्या नोंदीवरून कुणाच्या लक्षाचा निवाडा करणं अन्यायाचंच.

---

वैदेही_क

नवी मांडणी तपासणार असाल तर मोजणी नीट करा, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही. 'किती वेळात सापडली' हा एकच आकडा घेऊ नका. सूचना आल्यापासून वस्तू पहिल्यांदा चौकटीत येईपर्यंतचा वेळ वेगळा आणि चौकटीत आल्यापासून हात लावेपर्यंतचा वेळ वेगळा. पहिला वेळ मानेचा, दुसरा डोळ्यांचा. पाइपाची युक्ती पहिला कमी करेल, रंग आणि उजेड सुधारलात तर दुसरा. मानेची दिशा कोणताही हेडसेट सांगतोच, त्यासाठी नजर टिपायचीही गरज नाही. त्यामुळे रातराणींची काळजीही बरीचशी मिटते.

अर्ध्या मुलांना जुनी मांडणी आधी द्या, अर्ध्यांना नवी आधी, म्हणजे सरावाचा फायदा एकाच मांडणीच्या पदरात पडणार नाही. डॉक्टरांनी सुचवलेल्या रिकाम्या फेऱ्या दोन्हींत सारख्याच ठेवा. त्यात 'नाही' म्हणायला किती वेळ घेतला आणि तोवर मान किती फिरवली, तेही लिहून ठेवा. आणि चष्मा आहे का, असल्यास कोणता, हा रकाना आधीच घाला. कोकणकन्या यांच्या बाबांसारखा कुणी त्यात निघाला, तर त्याचे आकडे वेगळे का आले ते शोधत बसावं लागणार नाही.

---

क्षितिज७

घातला रकाना. पुढच्या तुकडीचे आकडे आले की इथेच टाकतो.